कँडी ॲपल ग्रे
हस्कर डू या मिनेसोटातील हार्डकोअर पंक त्रयीचा मार्च १९८६ मधील अल्बम. वॉर्नर ब्रदर्स या बड्या कंपनीसाठीचा पहिलाच. निर्मिती मात्र बॉब मोल्ड (गिटार) आणि ग्रँट हार्ट (ड्रम) यांनी स्वतःकडेच ठेवली. सुरुवातीच्या ‘क्रिस्टल’मध्ये मोल्डचा घसा फाटेपर्यंतचा आवाज आणि गिटारचा कल्लोळ जुन्याच धाटणीचा आहे. खरी झेप ‘हार्डली गेटिंग ओव्हर इट’मध्ये दिसते: अकूस्टिक गिटार, मंद लय, मृत्यूचा विषय आणि जवळजवळ बोलल्यासारखा स्वर. हार्टच्या ‘नो प्रॉमिस हॅव आय मेड’मध्ये तर पियानो आहे. हा बदल केवळ कंपनीमुळे झाला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सुरेलपणाची ओढ ‘झेन आर्केड’ या त्यांच्याच आधीच्या अल्बमपासून (१९८४) होती. त्रयीतला तिसरा, ग्रेग नॉर्टन, बासवादक. पुढचा, दुहेरी अल्बम १९८७ मध्ये आला, तोच अखेरचा.