पत्ता तोच, टपालघर नवे

२०२५ साली केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेल जुन्या व्यवस्थेतून झोहो या भारतीय कंपनीने उभारलेल्या व्यवस्थेत हलवल्याची बातमी आली. पत्त्यांच्या शेवटची सरकारी नावे मात्र कायम राहिली. टपालघर बदलूनही पत्ता तोच कसा राहतो? या प्रश्नाचे उत्तर ईमेलच्या इतिहासात आहे.

भारतातील शैक्षणिक जाळे ‘अर्नेट’ १९८६ साली, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने आकाराला आले. पुढच्याच वर्षी मुंबईत जुहूच्या एनसीएसटी आणि पवईच्या आयआयटी यांच्यात ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली. त्या काळच्या यूयूसीपी पद्धतीत पत्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे टेलिफोनच्या तारेवरून टप्प्याटप्प्याने जाई आणि वाटेतल्या यंत्रांची नावे उद्गारचिन्हांनी जोडून पत्त्यातच लिहावी लागत. पत्ता म्हणजेच वाट! मधले एक यंत्र बदलले, की पत्ताही बदलावा लागे.

ही गाठ सोडवली ती नावांच्या व्यवस्थेने. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची मांडणी केली. १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी तिच्यातील ‘एमएक्स’ नोंदीचे नियम लिहिले. पत्र धाडणारा सर्व्हर आधी विचारतो, ‘या नावाचे टपाल कोणते यंत्र स्वीकारते?’ स्थलांतराच्या दिवशी बदलायचे असते ते या प्रश्नाचे उत्तर. जुने उत्तर इतर यंत्रांच्या स्मरणात काही काळ टिकते, म्हणून जाणते व्यवस्थापक त्याची मुदत आधीच काही मिनिटांवर आणतात आणि जुना सर्व्हर आणखी काही दिवस चालू ठेवतात. नवा सर्व्हर थोडा वेळ बंद असला, तरी पत्र सहसा हरवत नाही. धाडणारा सर्व्हर साधारणतः चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो.

नव्या टपालाचे असे निभावते. कठीण असते ते जुने टपाल. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड येथे घडवलेल्या आयमॅपमुळे पत्रे सर्व्हरवरच राहू लागली. त्याच पद्धतीने ती फोल्डरांसह आणि वाचल्याच्या खुणांसह दुसरीकडे नेता येतात. पासवर्ड मात्र मूळ रूपात साठवलेला नसल्याने प्रत्येकाला बहुधा नवा घ्यावा लागतो. जो तो घेतो, त्याची पेटी जागी होते. पण जो निवृत्त झाला किंवा ज्याचे निधन झाले, त्याची पेटी कोण उघडणार?

विज्ञानाच्या इतिहासाची खरी चिंता इथे आहे. सत्येंद्रनाथ बोस यांनी ४ जून १९२४ रोजी ढाक्याहून आइनस्टाइन यांना लिहिलेले पत्र आज वाचता येते, कारण ते कागदावर होते आणि कोणीतरी जपले. गेल्या तीन-चार दशकांतील आपल्या प्रयोगशाळांचे वादविवाद, फसलेले प्रयोग, लेखांचे कच्चे खर्डे बहुतांशी ईमेलमध्ये आहेत. स्थलांतराच्या यादीत केवळ चालू कर्मचाऱ्यांची नावे असतील, तर उरलेले सारे जुन्या सर्व्हरबरोबर नष्ट होईल. त्यासाठी कोणाचा दुष्ट हेतू असण्याचीही गरज नाही.

म्हणून प्रत्येक संस्थेने सर्व्हर बदलण्यापूर्वी तंत्रज्ञांबरोबर अभिलेखपालालाही बोलवावे, निवृत्तांची किंवा त्यांच्या वारसांची संमती घ्यावी आणि निवडक पत्रव्यवहार कोणत्याही एका कंपनीवर अवलंबून नसलेल्या खुल्या स्वरूपात जतन करावा. पत्ता टिकवण्याची युक्ती आपल्याला १९८६ पासून ठाऊक आहे. पत्रे टिकवणे मात्र कोणत्याही यंत्राच्या नियमावलीत लिहिलेले नाही. ते आपणच ठरवायचे आहे.