बोलोन्याचा विद्यार्थी-संघ

'युनिव्हर्सिटी' म्हटले की भव्य इमारत, घड्याळाचा मनोरा आणि पदवीदानाचे झगे डोळ्यांपुढे येतात. आम्हां युनियनवाल्यांना मात्र या शब्दाचे मूळ अधिक जवळचे वाटते. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'युनिव्हर्सितास' म्हणजे एकत्र बांधलेला समुदाय, संघ. कारागिरांच्या संघालाही हाच शब्द चाले. इटलीतील बोलोन्या येथे विद्यापीठ म्हणजे प्रथम इमारत नव्हे, तर विद्यार्थ्यांचा संघच होता.

अकराव्या शतकाच्या अखेरीस तेथे इर्नेरियस नावाचा पंडित सम्राट जस्टिनियनचे सहाव्या शतकातील रोमन कायदे शिकवू लागला. तो काळ पोप आणि सम्राट यांच्या झगड्याचा, आणि व्यापारी नगरे स्वतंत्र होऊ पाहण्याचा. ज्याला त्याला आपल्या हक्कास शास्त्राधार हवा होता. म्हणून कायद्याला भाव आला. 1158 साली राँकाल्याच्या सभेत सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने नगरांवरील आपले हक्क ठरविले, तेव्हा बोलोन्याचे चार पंडित त्याच्या मदतीस होते. त्याच सुमारास त्याने 'हाबिता' नावाची सनद देऊन विद्यार्थ्यांना संरक्षण दिले. विद्येला अभय मिळाले आणि विद्येने सत्तेची बाजूही उचलली, ही दोन्ही सत्ये एकत्रच ध्यानी ठेवावी.

या सनदेची गरज का पडली? परगावचा विद्यार्थी म्हणजे उपरा. त्याच्या देशबांधवाने कर्ज बुडविले, तर सावकार या मुलाला धरी! सनदेने ते बंद केले, आणि आपला न्याय गुरूकडे की बिशपकडे, हे निवडण्याची मुभा त्याला दिली. पण नुसत्या कागदाने घरभाडे उतरत नाही. म्हणून विद्यार्थी देशवार गटांत एकत्र आले. पुढे आल्प्सच्या अलीकडच्यांचा एक आणि पलीकडच्यांचा एक, असे दोन संघ झाले. प्रत्येकाचा प्रमुख 'रेक्टर' हा निवडून दिलेला विद्यार्थीच असे. भाड्याचे दर संघ ठरवी. प्राध्यापक उशिरा आला किंवा अवघड भाग गाळून पुढे गेला, तर त्याला दंड होई.

त्यांचे हत्यार एकच होते: गाव सोडणे. स्वतःच्या इमारती नव्हत्या, त्यामुळे पाय मोकळे. आणि ते गेले की घरमालक आणि दुकानदार हवालदिल. 1222 साली काहीजण पादुआला गेले आणि तेथे नवे विद्यापीठ उभे राहिले. 1321 साली नगराने एका विद्यार्थ्याला देहदंड दिला, तेव्हा मंडळी सिएनाला निघून गेली. पुढल्या वर्षी नगराला समेट करावा लागला.

तथापि या संघाचा उगाच गौरव नको. त्यात बरेचसे प्रौढ आणि सुखवस्तू होते. स्त्रियांना प्रवेश नव्हता. खुद्द बोलोन्याच्या मुलांना मत नव्हते. प्राध्यापकही अखेर श्रमाचेच खाणारा; त्याला विद्यार्थ्यांनी मालकाच्या तोऱ्याने वागविले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर प्राध्यापकांना पगार देऊ लागले, तशी विद्यार्थ्यांची सत्ता हळूहळू ओसरली. थैली ज्याच्या हाती, शब्द त्याचा.

आमचे मुंबई विद्यापीठ 1857 साली सरकारी कायद्याने जन्मले. परीक्षा घेणे हेच त्याचे पहिले काम. त्यामुळे विद्यार्थी तेथे सभासद म्हणून नव्हे, उमेदवार म्हणून आला. 1988 साली बोलोन्यात जगातील अनेक विद्यापीठांच्या रेक्टरांनी विद्यास्वातंत्र्याच्या सनदेवर सह्या केल्या. कार्य स्तुत्यच, पण आता रेक्टर म्हणजे विद्यापीठाचे अधिकारी. एके काळी ते पद विद्यार्थ्याचे होते.

सनदा वरून मिळतात. पण त्या टिकतात, त्या खाली माणसे एकत्र उभी असतील तोवरच. गिरणीच्या फाटकावर आम्ही हेच शिकलो. आपली मुले ज्या विद्यापीठांत शिकतात, तेथे त्यांचा आवाज किती, हा प्रश्न म्हणूनच आम्हां पालकांचाही आहे.