पेढ्याचं गाव

बेंगळुरूच्या इंदिरानगरातून सुट्टीला पुण्याकडे निघालं की नातेवाइकांची फर्माईश ठरलेली: येताना धारवाडी पेढे आण. धारवाड इथून चारशे किलोमीटरहून लांब आहे, हे त्यांच्या गावी नसतं. कर्नाटकातलं ते सगळं ‘तिकडचं’. पण हा पेढा तरी मुळात कुठला?

राज्याच्या अधिकृत चिन्हांबाबत असा प्रश्न पडत नाही. कर्नाटकाच्या राजमुद्रेवर गंडभेरुंड आहे, दोन तोंडांचा पक्षी. तो म्हैसूरच्या वोडेयार राजांकडून आला. त्याआधी विजयनगरच्या नाण्यांवरही होता. जोडीला हत्ती, नीलकंठ, चंदन आणि कमळ. महाराष्ट्राचे शेकरू, हरियाल, ताम्हण आणि आंबा. २०२३ साली त्यांत पापलेटाची भर पडली. हा मान कौतुकापेक्षा काळजीतून आलेला: लहान मासेच जाळ्यात ओढले जाऊ लागले आणि पापलेट घटत चाललं, म्हणून ते राज्यमासा झालं.

आंबा आणि पापलेट ताटात येतात खरे, पण माणसाने रांधलेला पदार्थ या याद्यांत एकही नाही. त्याची दखल घेतो तो वेगळा कायदा, भौगोलिक मानांकनाचा. १९९९ साली संमत झालेला हा कायदा २००३पासून लागू झाला. पदार्थ पहिल्यांदा कोणी केला, हा त्याचा मुख्य प्रश्न नाही. त्याचा गुण किंवा लौकिक त्या जागेशी बांधलेला आहे का, हे तो पाहतो. म्हणूनच रसगुल्ल्यावरून भांडणाऱ्या दोन्ही राज्यांना मानांकन मिळू शकलं: ‘बांगलार रसोगोल्ला’ला २०१७ साली, ‘ओडिशा रसगोला’ला २०१९ साली.

धारवाडी पेढ्यालाही हे मानांकन आहे. आणि त्याची कथा सुरू होते उत्तर प्रदेशातल्या उन्नावमध्ये. तिथे प्लेग पसरला म्हणून एकोणिसाव्या शतकात ठाकूर कुटुंब धारवाडला आलं आणि पोटापाण्यासाठी राम रतन सिंह ठाकूर पेढे करून विकू लागले, असं सांगतात. कृती परमुलखातल्या माणसाची. दूध मात्र धारवाडच्या गवळ्यांनी पाळलेल्या म्हशींचं. खवा तांबूस होईपर्यंत परतायचा आणि वळलेला पेढा साखरेत घोळवायचा.

तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ला ते म्हैसूर राज्यात गेलं आणि १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. गावाच्या कागदांवरचे शिक्के बदलले, राज्याचं नाव बदललं. पेढ्याचं नाव बदललं नाही, कारण ते राज्यावरून पडलेलंच नव्हतं. गावावरून पडलं होतं.

इंदिरानगर ही १९७०च्या दशकातली वसाहत, इंदिरा गांधींच्या नावाची. इथे कानडीसोबत तमिळ, तेलुगू, हिंदी, बंगाली, मराठी सगळं कानावर पडतं. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न लिफ्टमध्येही विचारला जातो. कधी तो निव्वळ चौकशी असतो, कधी त्याला धार असते. मी गावाचं नाव सांगतो आणि ते पुरेसं नाही असं वाटत राहतं.

उन्नावहून आलेल्या त्या कुटुंबालाही कोणीतरी हेच विचारलं असेल. उत्तर त्यांनी दिलं की नाही, कोण जाणे. पेढा मात्र आज धारवाडीच म्हणवतो. पुण्याला डबा देताना आता मी एवढंच सांगतो: हा तिकडचा नाही, तिथे राहिलेला आहे.