सागवानी कॅमेरा आणि काचेवरची साक्ष

१/११ विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत तयार झालेले काही घडीचे कॅमेरे चक्क सागवानी लाकडाचे होते. त्यांवर पितळी पट्ट्या ठोकलेल्या असत. हे कॅमेरे भारतासारख्या उष्ण प्रदेशांसाठी घडवले जात. त्यांच्या जन्माची, प्रवासाची आणि अस्ताची ही कथा. #इतिहास

२/११ आधी पार्श्वभूमी. रॉबर्ट गिल याने १८६० च्या दशकात अजिंठ्याची छायाचित्रे घेतली, त्या काळी काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच चित्र घ्यावे व धुवावे लागे. अंधारखोलीचा तंबू सोबत न्यावा लागे. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कृती प्रसिद्ध केली आणि पुढे तंबूची गरज संपली.

३/११ कोरडी प्लेट पेटीतून विकत मिळू लागली, तसा कॅमेराही आटोपशीर झाला. पुढची झडप उघडायची, रुळांवरून भिंग पुढे ओढायचे. मागे चामड्याचा भाता उलगडे. दुधी काचेवर दृश्य उलटे दिसे. ते स्पष्ट झाले की तेथे प्लेट सरकवायची. एक प्लेट, एकच चित्र. ९×१२ सेंमी हा लोकप्रिय आकार.

४/११ या उद्योगाचे प्रमुख केंद्र ड्रेस्डेन. १९०९ मध्ये ह्यूटिग, व्युन्शे, क्रुगेनर आणि झाइसचा कॅमेरा विभाग एकत्र येऊन ‘इका’ कंपनी झाली. एर्नेमान तिची तेथलीच प्रतिस्पर्धी. झाइसच्या पाउल रुडॉल्फचे ‘टेसार’ भिंग १९०२ चे, तर म्युनिकच्या डेकेलचे ‘कॉम्पूर’ शटर १९१२ चे. सूक्ष्म भिंग आणि अचूक शटर ही जर्मन मालाची खरी पुंजी होती.

५/११ मग साग कशासाठी? दमट उष्म्यात चामड्याला बुरशी लागे, सरस सुटे, साधे लाकूड वाकडे होई. साग तेलकट व टिकाऊ. म्हणून इका, एर्नेमान, काँटेसा-नेटेल यांनी ‘ट्रॉपिकल’ कॅमेरे काढले. हेतू मात्र व्यापारी होता: वसाहतींतील अधिकारी, प्रवासी आणि धनिक हे त्यांचे गिऱ्हाईक.

६/११ वऱ्हाडाच्या दृष्टीने पाहा. १८६७ पर्यंत भुसावळ–नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि मलकापूर मुंबईशी जोडले गेले. पण चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावापर्यंत आगगाडी नव्हती. तेथवर नाजूक काचा न्यायच्या तर पुढचा मार्ग खडखडत्या बैलगाडीचा. डझनभर प्लेटांचे वजन जवळजवळ अर्धा किलो. फिरत्या छायाचित्रकाराला प्रत्येक काच जपून वापरणे भाग होते.

७/११ दुसरा शत्रू उन्हाळा. कोमट द्रावणात जिलेटिन फुगून काचेवरून सुटू लागे. त्यावर उपाय म्हणजे रात्रीच्या गारव्यात काम करणे आणि तुरटीने थर कडक करणे. छपाईला मात्र वीज लागत नसे. प्लेट कागदावर दाबून उन्हात धरली की प्लेटच्याच आकाराचे चित्र उमटे.

८/११ १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश साम्राज्यात शत्रुराष्ट्राशी व्यापार निषिद्ध ठरला आणि जर्मन मालाची वाट बंद झाली. युद्धात भारताचे सैनिक लढले. युद्धानंतर जनतेच्या वाट्याला रौलट कायदा आला.

९/११ १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत गोळीबार झाला. त्यानंतर छायाचित्रकार नारायण विनायक विरकर यांनी अमृतसरला जाऊन गोळ्यांनी पोखरलेल्या भिंतींची छायाचित्रे घेतली. वसाहतीची शोभा टिपणाऱ्या तंत्राने येथे तिच्या अत्याचाराची नोंद केली. यंत्राला मालक असतो; साक्ष कोणाची द्यायची हे मात्र त्यामागे उभा असलेला माणूस ठरवतो.

१०/११ १९२५ मध्ये फिल्मवर चालणारा ‘लायका’ बाजारात आला आणि प्लेटचे दिवस भरत आले. १९२६ मध्ये इका, एर्नेमान, ग्योर्त्स व काँटेसा-नेटेल यांची मिळून ‘झाइस इकॉन’ झाली. तिचे प्रमुख इमॅन्युएल गोल्डबर्ग ज्यू होते. १९३३ मध्ये नाझींनी त्यांचे अपहरण केले. त्यांना देश सोडावा लागला. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात ड्रेस्डेन भाजून निघाले.

११/११ कॅमेऱ्यांना आज संग्राहक सापडतात, प्लेटांना क्वचितच. जुन्या स्टुडिओंतील कित्येक काचा खरवडून तसबिरींना लावल्या गेल्या. घरात अशी काच आढळली तर ओल्या फडक्याने पुसू नये. कडेने धरावी, कोरड्या कागदात गुंडाळून उभी ठेवावी. निगेटिव्ह गेले की त्या क्षणाचा मूळ पुरावाच गेला.