कवड्या वाहणारी विमाने

दुर्गम खेड्यांकडे निघालेल्या मालवाहू विमानात काय असेल असे विचारले, तर औषधे, टपाल, बियाणे, फार तर यंत्राचे सुटे भाग, असे आपण सांगू. न्यू गिनी बेटावर मात्र वैमानिकांनी एके काळी पोत्यांत भरून कवड्या आणि शिंपले डोंगरात पोहोचविले.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस असलेल्या या बेटावर विमान आले ते सोन्यासाठी. 1926 साली आतल्या डोंगरात सोन्याचा मोठा साठा सापडला. सालामाउआ बंदरापासून वाऊच्या खाणीपर्यंत हमाल डोक्याखांद्यावर ओझी घेऊन निघत, त्यांना जवळजवळ आठवडा लागे. 1927 साली लाए येथून विमान सुरू झाले, आणि तेच वाऊ तासाभराच्या आत आले. वाऊची धावपट्टी डोंगराच्या उतारावर. विमानाने चढणीकडे तोंड करून उतरायचे आणि उतरणीच्या दिशेने उडायचे. उतरताना चूक झाली तर पुन्हा वर उठायला जागा नाही. दुपारी ढग खिंडी बुजवून टाकीत, म्हणून वैमानिकाचा दिवस पहाटेच सुरू होई.

पुढे बुलोलोच्या सोन्यासाठी प्रचंड गाळउपसे आणायचे ठरले. रस्ता तर नव्हताच. तेव्हा तीन इंजिनांच्या जर्मन युंकर्स विमानांच्या छतास झाकण ठेवून त्यातून क्रेनने यंत्रांचे भाग आत सोडीत. अशा रीतीने तुकड्यातुकड्यांनी वाहून नेलेला पहिला गाळउपसा 1932 साली चालू झाला.

त्यानंतरच्या वर्षी खरी नवलाई घडली. सोने शोधणारे लेही बंधू आणि सरकारी अधिकारी जेम्स टेलर डोंगररांगांपलीकडे शिरले. ज्या प्रदेशाला बाहेरचे लोक निर्जन समजत होते, तेथे आखीव बागा करून राहणारी लाखो माणसे निघाली. चाक त्यांनी पाहिलेले नव्हते. त्यांनी चाक पाहिले ते विमानाचेच! माउंट हेगनला विमान उतरविण्यासाठी जमीन सपाट हवी होती. ती गावकऱ्यांनी एकमेकांना धरून, गात, नाचत, पायांनी तुडवून तयार केली. वैमानिकांची नावे पुस्तकांत आहेत. त्या हजारो पायांची नोंद मात्र, आमच्या मते, फारच थोड्या जागी सापडते.

या माणसांना पैसा ठाऊक नव्हता. हातोहात किनाऱ्याकडून वर आलेला शिंपला हेच त्यांचे धन. लग्नाच्या देवघेवीत, तंटा मिटविताना तोच पुढे होई. हे कळताच पाहुण्यांनी विमानाने शिंपले मागविले. त्यांच्या मोबदल्यात रताळी, डुकरे, मजुरी मिळू लागली. ज्याच्या पूर्वजांनी पिढ्यांत दोन-चार शिंपले जमविले, त्याच्या दारात आता ढीग पडू लागले. कवडीमोल हा शब्द आपण सहज वापरतो; तेथील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत कवडी खरोखरच कवडीमोल होत गेली. विमानाने भूक भागविली असेल, पण जुन्या घरांची पत त्याच विमानाने खाली आणली, हेही नमूद केले पाहिजे.

डिव्हाइन वर्ड संघाचे फादर विल्यम रॉस 1934 साली किनाऱ्यावरून पायी चालत हेगनला पोहोचले. पुढच्या पिढीस ती पायपीट उरली नाही. 1948 साली बिशप झालेले लिओ आर्कफेल्ड स्वतःच विमान चालवून आपल्या ख्रिस्तसभेत फिरत. तांदूळ, मीठ, छपराचे पत्रे आणि परतताना एखादा आजारी, असा मिशनच्या विमानांचा माल असे. स्थानिक टोक पिसिन भाषेत विमानाला ‘बालुस’ म्हणतात. मूळ अर्थ कबुतर.

राजधानी पोर्ट मोर्सबीहून हेगनला जाणारा रस्ता आजही नाही. 1975 साली देश स्वतंत्र झाला, त्याच वर्षी त्याने स्वतःचे चलन सुरू केले आणि त्याला नाव दिले ‘किना’. ते त्या शिंपल्याचेच नाव आहे.