अँड देन देअर वेअर नन : मूळ व सुधारित आवृत्त्यांतील फरक

'अँड देन देअर वेअर नन' ही इंग्लिश लेखिका अगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) यांची रहस्यकादंबरी आहे. डेव्हनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर बोलावलेले आठ पाहुणे व दोन नोकर एका बालगीतात सांगितलेल्या रीतीने एकामागून एक मृत्युमुखी पडतात, असे तिचे कथानक आहे. ब्रिटनमध्ये ती नोव्हेंबर १९३९ मध्ये कॉलिन्स क्राइम क्लबने प्रसिद्ध केली. पुढील आवृत्त्यांत शीर्षक व मजकुरातील काही शब्द बदलले गेले. मात्र मृत्यूंचा क्रम, गुन्हेगार आणि रहस्याची उकल कायम राहिली.

शीर्षक

मूळ ब्रिटिश शीर्षकात कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाणारा एक अवमानकारक शब्द होता. तो एकोणिसाव्या शतकातील एका गीतातून आला होता. गोरे कलावंत तोंडाला काळा रंग फासून जे विनोदी खेळ करीत, त्यांत हे गीत लोकप्रिय होते. अमेरिकेत हे शीर्षक स्वीकारार्ह नव्हते. म्हणून जानेवारी १९४० मध्ये डॉड, मीड या प्रकाशनसंस्थेने गीताच्या अखेरच्या शब्दांवरून आजचे शीर्षक दिले. १९६४ पासून काही अमेरिकी आवृत्त्या 'टेन लिटल इंडियन्स' या नावानेही निघाल्या. येथे 'इंडियन' म्हणजे भारतीय नव्हे, तर अमेरिकेतील मूलनिवासी. हा शब्दही पुढे आक्षेपार्ह ठरला. ब्रिटनमध्ये जुने शीर्षक १९८० च्या दशकापर्यंत वापरात होते.

मजकूर

गीत, बेटाचे नाव आणि जेवणाच्या टेबलावरील चिनी मातीच्या दहा बाहुल्या यांचा कथानकात परस्परसंबंध आहे. प्रत्येक मृत्यूनंतर एक बाहुली नाहीशी होते. त्यामुळे केवळ शीर्षक बदलून भागण्यासारखे नव्हते. या तिन्ही ठिकाणी एकच शब्द येणे आवश्यक होते. सुधारित आवृत्त्यांत त्या जागी आधी 'इंडियन' व नंतर 'सोल्जर' हा शब्द आला. प्रचलित इंग्रजी आवृत्तीत बेटाचे नाव 'सोल्जर आयलंड' असे आहे. फ्रेंच अनुवादाचे शीर्षक २०२० मध्ये बदलण्यात आले आणि मजकुरातही सैनिक या अर्थाचा शब्द योजण्यात आला.

नाट्यरूप व चित्रपट

शेवटातील बदल हा कादंबरीच्या सुधारित आवृत्तीतील बदल नाही. १९४३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या नाट्यरूपासाठी ख्रिस्ती यांनी स्वतःच शेवट बदलला. कादंबरीत दहाही जण मरतात, तर नाटकात दोघे निर्दोष ठरून वाचतात. रने क्लेअर यांच्या १९४५ च्या चित्रपटाने नाटकातील शेवट स्वीकारला. १९८७ च्या सोव्हिएत चित्रपटाने कादंबरीचा शेवट राखला. राजा नवाथे दिग्दर्शित 'गुमनाम' (१९६५) हा हिंदी चित्रपट याच कथासूत्रावर सैलपणे आधारलेला आहे.

महत्त्व

जुन्या साहित्यातील अवमानकारक शब्द बदलावेत की इतिहासाची साक्ष म्हणून राखावेत, या चर्चेत या कादंबरीचे उदाहरण दिले जाते. बदलाच्या बाजूने असे म्हणता येते की, येथे शब्द बदलूनही रहस्याची रचना अबाधित राहिली. दुसऱ्या बाजूने, त्या काळी असा शब्द बालगीतातही सहज चालत असे, ही वस्तुस्थिती केवळ सुधारित आवृत्ती वाचणाऱ्यास कळत नाही. त्यामुळे अभ्यासासाठी ही कादंबरी वापरताना आवृत्तीचे वर्ष व प्रकाशनाचा देश नोंदवणे आवश्यक ठरते.