बिडी ओढणारे आजोबा

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना लासूर स्टेशन लागते. हा लोहमार्ग निजामाच्या अमदानीतला. कोळशाची इंजिने होती तोवर तेथे दोन धूर एकमेकांत मिसळत. एक इंजिनाचा, दुसरा बिडीचा. बेंझोपायरीन नावाचे जहाल द्रव्य या दोहोंतही असते. लंडनच्या संशोधकांनी ते १९३३ साली डांबरातून वेगळे काढले.

‘अमक्याचे आजोबा नव्वदीपर्यंत बिडी ओढीत होते, त्यांना कुठे काय झाले?’ हा सवाल फराळाच्या ताटावरही निघतो. तो अगदीच खुळा म्हणता येत नाही. रोनाल्ड फिशरसारख्या थोर शास्त्रज्ञानेही १९५८ साली असेच काही मांडले होते: धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग, दोन्हींचे मूळ रक्तातच असेल! फिशरसाहेब स्वतः पाइप ओढीत, आणि तंबाखूवाल्यांचे सल्लागारही होते. असो.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना वंशाचा प्रश्न आधीच पडला होता. १९४९ साली त्यांनी व ल. द. संघवी यांनी आपापसांतच सोयरीक करणाऱ्या मुंबईतील सहा समाजांची सात आनुवंशिक लक्षणे पडताळली. समाजासमाजांत फरक निघाले. मग कर्करोगही कुळावरच जातो की काय? १९५५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह रुग्णांच्या सवयी तपासल्या, तेव्हा चित्र पालटले. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा कर्करोग अधिक, ओढणाऱ्यांत घशाचा. रोगाने जागा निवडली ती सवय पाहून.

तरीही वंशाचा वाटा पुरता पुसला गेला नाही. शरीरातील एक विकर बेंझोपायरीन धुऊन काढण्याजोगे करू पाहते आणि त्या खटपटीत ते अधिकच दाहक होऊन पेशीच्या जनुकद्रव्याला चिकटते. दुसरे विकर, ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज, त्याला वेळीच बांधून बाहेर घालवते. यातल्या एका प्रकाराचे जनुक युरोपातल्या जवळजवळ निम्म्या लोकांत मुळीच नसते. भारतात अशी माणसे त्यामानाने कमी. संशोधकांनी १९८६ साली या उणिवेचा संबंध धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाशी जोडला. पुढे पुष्कळ पाहण्या एकत्र केल्यावर हा धोका किंचितच अधिक भरला. धुराने मात्र तो कित्येक पटींनी वाढतो, आणि ते जनुक शाबूत असलेल्या माणसाचाही वाढतो.